अंगणातली अमानत : कोंबडीला मानमोडी लागली तर

धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हा म्हटला की पाहुण्यांना आठवते ती उस्मानाबादी शेळी. तिचे नाव देशभर आहे. पण आमच्या मोहल्ल्यांतला आणि वाड्यावस्त्यांवरचा खरा बिनबोभाट संसार चालतो तो कोंबड्यांवर. परंड्याच्या किल्ल्याजवळची घरे असोत, नळदुर्गच्या गल्ल्या असोत की कळंब-भूमकडची खेडी असोत, मागच्या अंगणात एक खुराडे, एक डालगे आणि आठ-दहा गावरान कोंबड्या असतातच. पावसाने दगा दिला, सोयाबीन गेले, मजुरी मिळाली नाही, तरी कोंबडी उकिरड्यावर आपले पोट भरते आणि वर्षाकाठी साठ-सत्तर अंडी देते. त्या अंड्यांचा पैसा बहुतेक घरांत अम्मीच्या किंवा दादीच्या हातात राहतो. त्यातून मुलीची वही येते, मदरशातल्या पोराची टोपी येते, रमजानमध्ये खजूर येतो. हा हिशेब कुठल्याही वहीत लिहिलेला नसतो, पण घर त्यावर उभे असते.

म्हणूनच एका आठवड्यात सगळे खुराडे रिकामे होते तेव्हा ते नुकसान फक्त कोंबड्यांचे नसते. थंडी सरून उन्हाळा सुरू होताना आमच्याकडे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या गावातून बातमी येते, "मर आली." जुनी माणसे म्हणतात मानमोडी. सरकारी दवाखान्यात याच रोगाला राणीखेत म्हणतात. या महिन्यात आम्ही त्याच्याविषयीच बोलणार आहोत. आजारी कोंबडीची सेवा कशी करावी, कुठवर करावी, आणि तिच्यापायी शेजाऱ्याचे खुराडे कसे बुडू देऊ नये, हे तीन प्रश्न आहेत. तिसरा सर्वांत अवघड आहे.

रोग आला कुठून?

राणीखेत हे उत्तराखंडातल्या एका थंड हवेच्या गावाचे नाव आहे. १९२७ च्या सुमारास हा रोग आपल्या देशात तिथे ओळखला गेला, म्हणून ते नाव त्याला चिकटले. त्याच्या आगेमागेच, १९२६ मध्ये, तो इंडोनेशियातल्या जावा बेटावर आणि इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळ आढळला होता. जग त्याला न्यूकॅसल रोग म्हणते. गावाचा त्यात काही दोष नाही, नाव मात्र कायमचे लागले.

हा विषाणूचा रोग आहे. जंतूवर चालणारी औषधे, म्हणजे अँटिबायोटिक, विषाणूला मारत नाहीत. रोग झाल्यावर तो बरा करणारे औषध आजही नाही. लस न टोचलेल्या कळपात तो शिरला तर शंभरातल्या नव्वद कोंबड्याही जाऊ शकतात. हे आधीच स्पष्ट सांगितलेले बरे, कारण बाजारात कोणी ना कोणी "खात्रीचे औषध" घेऊन उभा असतोच.

ओळखावा कसा?

विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण पाच-सहा दिवस जातात, कधी दोन, कधी पंधराही. पहिल्या दिवशी कोंबडी नुसती गप्प बसते. पिसे फुगवते, डोळे मिटते, दाण्याकडे बघत नाही. मग हिरवट-पांढरी पातळ विष्ठा पडते. चोच उघडी टाकून, मान ताणून ती श्वास घेते आणि घशातून घरघर ऐकू येते. तुरा काळा-निळा पडतो. अंडी एकदम कमी होतात, जी येतात ती मऊ कवचाची किंवा वेडीवाकडी. यातून जी जगते तिला तीन-चार दिवसांनी पंख किंवा पाय लुळा पडतो आणि मान पिळवटून मागे जाते. मानमोडी हे नाव त्यावरूनच पडले असावे.

दुसरा नेहमीचा विषाणूरोग म्हणजे कोंबड्यांची देवी. त्यात तुरा, लोलक, डोळ्यांच्या कडा, म्हणजे जिथे पिसे नाहीत तिथे, फोड येतात आणि त्यांच्या काळसर खपल्या धरतात. हा रोग डासांमुळे पसरतो, म्हणून पावसाळ्यात आणि त्यानंतर जास्त दिसतो. कधी तोंडात आणि घशातही पिवळट थर येतो. तो प्रकार जड असतो, कारण कोंबडी गिळू शकत नाही. दोन्ही रोगांत फरक ओळखणे महत्त्वाचे आहे. देवी झालेली कोंबडी नीट सेवा केली तर बहुतेक वेळा तीन-चार आठवड्यांत उठते. मानमोडीत तसा भरवसा देता येत नाही.

सेवा कशी करावी?

सर्वांत पहिले काम औषध देण्याचे नाही, वेगळे करण्याचे आहे. आजारी जनावर निरोगी जनावरांत नेऊ नये, ही शिकवण प्रेषित मुहम्मद (स.) यांनी उंटांच्या बाबतीत दिली होती. सहीह बुखारीत ती आलेली आहे. उंटाला जे लागू तेच खुराड्याला. कोंबडी मलूल दिसली की त्याच घडीला तिला उचलून घराच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या खालच्या बाजूला डालग्याखाली ठेवावे. तिचे पाण्याचे भांडे वेगळे, दाण्याचे वेगळे. चारा-पाणी आधी निरोगी कोंबड्यांना घालावे, आजारी कोंबडीकडे शेवटी जावे. तिथून आल्यावर हात साबणाने धुवावेत आणि चपला बदलाव्यात. या विषाणूला साबण आणि कडक ऊन दोन्ही सोसत नाहीत, आणि ऊन आपल्या जिल्ह्यात फुकट मिळते.

आजारी कोंबडी भुकेपेक्षा तहानेने लवकर जाते. जुलाबाने अंगातले पाणी निघून जाते. स्वच्छ पाण्यात थोडा गूळ विरघळवून द्यावा, किंवा पशुवैद्यकाकडून क्षारांची पूड आणून पुड्यावर लिहिल्याप्रमाणे पाण्यात टाकावी. मीठ अंदाजाने घालू नये. कोंबडीला जास्तीचे मीठ बाधते. ती स्वतः पीत नसेल तर चोचीचे टोक पाण्यात बुडवावे, किंवा चोचीच्या बाजूने एक-एक थेंब सोडावा. तोंड फाकवून पाणी ओतू नये. कोंबडीच्या श्वासनळीचे तोंड जिभेच्या मागेच असते; ओतलेले पाणी फुप्फुसात जाते आणि रोगाने न मेलेली कोंबडी आपल्या हाताने मरते.

खायला ज्वारीच्या कण्या शिजवून मऊ कराव्यात, किंवा भाकरी पाण्यात कुस्करून द्यावी. थोडे थोडे, दिवसातून चार-पाच वेळा. मान वाकडी झालेल्या कोंबडीला दाणा दिसतो पण चोच त्यावर पडत नाही. तिची मान हाताने हलकेच सरळ धरून भरवावे लागते. हे काम घरातल्या मुलांना दाखवावे, पण त्यांच्या हाती एकट्यांवर सोपवू नये. या विषाणूने माणसाच्या डोळ्यांना कधीकधी लाली येते. ती आपोआप जाते, तरी कोंबडी हाताळताना डोळे चोळू नयेत.

रात्री खाली कोरडे गोणपाट किंवा भुसा, वर वाऱ्याचा आडोसा. ओला भुसा रोज बदलावा आणि पुरावा. देवीच्या खपल्यांवर पशुवैद्यकाच्या सल्ल्याने आयोडीनचे औषध कापसाने लावावे. खपल्या नखाने खरवडू नयेत, कारण त्या खपलीतच रोग असतो. डोळे चिकटले असतील तर उकळून कोमट केलेल्या पाण्याने पुसावेत.

हळद, लसूण, कांदा घालायला हरकत नाही, पण त्याने विषाणू मरतो असे समजून लस टाळू नये. डॉक्टरांनी आपल्यासाठी लिहिलेली उरलीसुरली कॅप्सूल फोडून कोंबडीला देणे मात्र थांबवावे. अशक्त कोंबडीला दुसऱ्या जंतूंचा त्रास वाढू नये म्हणून पशुवैद्यक कधी अँटिबायोटिक देतात. किती द्यायचे आणि नंतर किती दिवस अंडी-मांस खायचे नाही, हे त्यांनीच सांगायचे. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. उमेद अभियानातल्या पशुसखी गावोगाव आहेत, त्यांनाही विचारता येते.

आणि सेवेला मर्यादा आहे. जी कोंबडी दोन-तीन दिवस काहीच घेत नाही, जिची मान पिळवटलेली आहे आणि जी उभी राहू शकत नाही, तिला तसेच तडफडत ठेवणे ही दया नव्हे. सुरी धारदार असावी, जनावराला कमीत कमी त्रास व्हावा, ही शिकवण आपल्याला आहे. इतर कोंबड्यांपासून दूर, खड्ड्याजवळच तिला मोकळे करावे आणि तिथेच पुरावे.

सुरी हातात घेण्याआधी

आता तो अवघड प्रश्न. मर आली की पुष्कळ घरांत पहिला विचार सेवेचा नसतो. तो असा असतो : "मरायच्या आत जिबह करून टाकू, निदान वाया तरी जाणार नाही." कष्टाने वाढवलेली कोंबडी मुर्दार होऊन फेकावी लागेल ही भीती आम्ही समजू शकतो. ज्या घरात आठवड्यातून एकदाही मांस शिजत नाही, तिथे दहा कोंबड्या एकदम मरणे म्हणजे काय हे बाहेरून सांगणे सोपे आहे.

तरी तीन गोष्टी नीट पाहाव्यात. पहिली, आजारी कोंबडी कापली की रोग थांबत नाही, तो पसरतो. तिचे रक्त, आतडी, पिसे आणि धुतलेले पाणी नालीत जाते. त्या नालीवर शेजारच्या घराच्या कोंबड्या चरतात. पिसे वाऱ्याने जातात, आतडी कुत्रा ओढून नेतो. एका अंगणात कापलेली कोंबडी चार दिवसांत सगळा मोहल्ला रिकामा करते.

दुसरी, जिवंत असताना जिबह झाली म्हणजे सगळे प्रश्न मिटले असे नाही. मसला आलिमांना विचारावा, तो आमचा अधिकार नाही. पण कुरआनात खाण्याविषयी हलालसोबत तय्यब, म्हणजे चांगले आणि स्वच्छ, हाही शब्द येतो, हे लहान मुलांनाही माहीत असते. कशाने आजारी आहे हे ठाऊक नसलेले, औषधे दिलेले, तापाने फणफणलेले जनावर ताटात घेणे तय्यबमध्ये बसते का, हे प्रत्येकाने स्वतःला विचारावे.

तिसरी सर्वांत जड. काही जण आजारी कोंबड्या टोपलीत घालून पहाटेच आठवडी बाजार गाठतात. दिवस उजाडल्यावर तुरा काळा दिसेल म्हणून अंधारात विकतात. काही जण तीच कोंबडी सदका म्हणून एखाद्या गरीब घरी पाठवतात. सहीह मुस्लिममधली धान्याच्या ढिगाची हदीस आपण सगळ्यांनी ऐकली आहे. प्रेषितांनी ढिगात हात घातला तेव्हा आत ओल लागली. वरून कोरडे दाखवून आत भिजलेले विकणाऱ्याला त्यांनी काय सुनावले, ते इथे पुन्हा सांगायला नको. काळा तुरा अंधारात झाकणे आणि ओले धान्य कोरड्याखाली झाकणे यांत फरक काय? आणि जी वस्तू आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय घेणार नाही ती अल्लाहच्या वाटेत देऊ नये, ही शिकवणही आपलीच आहे.

विकत घेणारी बाईही कुणाची तरी अम्मी असते. कदाचित एकटी राहणारी, चार अंड्यांवर मीठ-मिरची भागवणारी. ती कोंबडी घरी नेऊन आपल्या तलंगांत सोडते आणि आठवड्याने तिच्या अंगणात शांतता होते. आपल्या टोपलीतले दोनशे-चारशे रुपये तिच्या सगळ्या पुंजीच्या बदल्यात आलेले असतात. नुकसान आपल्यावर आले आहे, ते आपल्याच दारात थांबवणे ही अमानत आहे. सब्र म्हणतात तो इथेच लागतो.

मेलेली कोंबडी उकिरड्यावर, ओढ्यात किंवा रस्त्याकडेला टाकू नये. विहीर-बोअरपासून दूर हाताच्या दीड-दोन लांबीइतका खोल खड्डा घ्यावा, कोंबडी टाकून वर चुना पसरावा, माती दाबावी, वर दगड ठेवावेत. खुराडे खरवडून, धुण्याच्या सोड्याने किंवा साबणाने धुऊन, चुना मारून कडक उन्हात उघडे ठेवावे. निदान तीन-चार आठवडे नवी कोंबडी आणू नये. आणल्यावरही पंधरा-वीस दिवस ती वेगळी ठेवावी. मोटारसायकलवर पिले विकणारे, पाहुण्यांकडून भेट आलेला कोंबडा, बाजारातून न विकता परत आणलेली कोंबडी, रोग बहुधा याच वाटांनी घरात शिरतो.

एकाच वेळी खूप मेल्या तर

काहीच लक्षण न दिसता एका रात्रीत निम्म्या कोंबड्या मेल्या, डोके आणि डोळ्यांभोवती सूज आली, पायांवर लाल डाग दिसले, किंवा आसपास कावळे मरून पडले, तर हात लावू नये. तो बर्ड फ्लू असू शकतो. मानमोडी आणि बर्ड फ्लू यांतला फरक डोळ्यांनी पक्का सांगता येत नाही. तो प्रयोगशाळेतच कळतो. देशात बर्ड फ्लू पहिल्यांदा आढळला तो आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला, फेब्रुवारी २००६ मध्ये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात सुमारे आठशे कोंबड्या मेल्या तेव्हा तोच निघाला. जानेवारी २०२५ मध्ये शेजारच्या लातूर जिल्ह्यात, उदगीरला कावळे मेले, त्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि निदान तेच आले.

अशा वेळी लपवू नये. २००९ च्या कायद्याप्रमाणे जनावरांचा असा साथरोग दिसला की मालकाने ग्रामपंचायतीला किंवा पशुवैद्यकाला कळवायचे असते. लोक भितात की कळवले तर सगळ्या कोंबड्या मारतील. पण नुकसानभरपाई मिळते ती सरकारी पथकाने मारलेल्या कोंबड्यांची. आधीच मेलेल्यांची मिळत नाही. उशिरा कळवणारा दोन्हीकडून जातो.

लस : जो उपाय खरा आहे

मानमोडीवर औषध नाही, पण लस आहे आणि ती जुनी, पारखलेली आहे. १८८९ मध्ये पुण्यात सुरू झालेली सरकारी जंतुशास्त्र प्रयोगशाळा १८९३ मध्ये कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला गेली. तीच आजची भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्था. तिथे १९४० च्या दशकात या विषाणूचा एक वाण कोंबडीच्या अंड्यांत वाढवून सौम्य केला गेला. आर-टू-बी नावाने तीच लस आजही टोचतात. आपल्या राज्यात औंध, पुणे येथील पशुवैद्यकीय जैव पदार्थ निर्मिती संस्था कोंबड्यांच्या लसी तयार करते.

वेळापत्रक साधारण असे : पिलू पाच ते सात दिवसांचे झाले की लासोटा किंवा एफ-वन लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत. चौथ्या आठवड्यात लासोटा पुन्हा. सहाव्या-सातव्या आठवड्यात देवीची लस. आठ आठवडे झाल्यावर पंखाखाली आर-टू-बीचे अर्ध्या मिलिलिटरचे इंजेक्शन. पुढचे डोस पशुवैद्यक सांगतील तसे. लसीच्या साधारण आठवडाभर आधी जंताचे औषध द्यावे. आजारी कोंबडीला लस देऊ नये, आणि साथ घरात शिरल्यावर लसीकडून चमत्काराची अपेक्षा ठेवू नये.

मग आपल्या खुराड्यापर्यंत लस का पोहोचत नाही? कारण साधे आहे. एक कुपी शंभर किंवा त्याहून जास्त कोंबड्यांसाठी असते. ती २ ते ८ अंश थंडाव्यात ठेवावी लागते आणि पाण्यात मिसळल्यावर दोन तासांत संपवावी लागते. आठ कोंबड्यांसाठी कुणी कुपी फोडत नाही. म्हणजे अडचण लसीची नाही, आठ कोंबड्यांच्या एकटेपणाची आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठात उष्णता सहन करणारी आय-टू नावाची लस खास खेड्यांतल्या कोंबड्यांसाठी तयार झाली. मोझांबिक आणि टांझानियात गावातल्याच लोकांनी, त्यांत बायकाही आल्या, घरोघर जाऊन तिचे थेंब डोळ्यांत घातले. त्यांनी जे केले त्यातली लस वेगळी होती, पण युक्ती आपल्याला आजच उचलता येते : सगळ्यांनी एका दिवशी.

एका मोहल्ल्यात पंधरा घरे आणि प्रत्येकी आठ कोंबड्या धरल्या तर एकशेवीस होतात. एकीने वहीत घरांची यादी करावी, कोणाकडे किती आणि किती वयाच्या. ती यादी घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन तारीख ठरवावी. जुमाच्या नमाजनंतर इमामसाहेबांना एक वाक्य सांगायला विनंती करावी. आदल्या रात्री कोंबड्या खुराड्यातच कोंडून ठेवाव्यात, म्हणजे सकाळी पकडापकडी होत नाही. लस बर्फ घातलेल्या थर्मासमध्ये आणावी. गल्लीतली हिंदू-मुस्लिम सगळी घरे त्यात घ्यावीत. विषाणू नाव विचारून खुराड्यात शिरत नाही. मानमोडी बहुधा उन्हाळ्याच्या तोंडावर येते, म्हणून हे काम थंडीतच उरकावे.

उंट बांध आणि मग अल्लाहवर भरवसा ठेव, या अर्थाची शिकवण आपण मुलांना सांगतो. आमच्या अंगणात उंट नाही, कोंबडी आहे. तिची दोरी म्हणजे ही लस.

पुढच्या महिन्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर कशी बसवावी, हे पाहू. तोवर आपल्या गल्लीतल्या कोंबड्या मोजून ठेवा.